मेलिर चाललोची बीअर

मेलिरला बसता येत नाही. खुर्चीवर बूड टेकतो तो, पण त्याचा उजवा पाय टेबलाखाली शिवणयंत्र चालवल्यासारखा हलत राहतो. आमच्या गावच्या गुत्त्यात, म्हणजे 'काळा एडका'त, तो ज्या टेबलाशी बसतो तिथले ग्लास हळूहळू काठाकडे सरकायला लागतात. गुत्ता चालवणारी मेन्ना त्याला आत येताना बघते आणि न बोलता टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची चकती सारून ठेवते.

आमच्या या कुम हेस्गिन गावात निम्मं गाव ह्यूज आहे आणि उरलेलं प्यू. आडनावाने हाक मारली तर चौघं मागे वळतात. म्हणून प्रत्येकाच्या नावामागे काहीतरी चिकटवलेलं असतं. मी शाळेची बस चालवतो, तर मी 'बस'. डोंगराच्या अंगाला ज्याची मेंढरं आहेत तो म्हातारा 'इडवल वरचा माळ'. मेलिरला मात्र कामावरून नाव पडलं नाही. लग्नात, मयतीत, गुत्त्यात, पाच मिनिटं झाली की हा उठून उभा राहणार आणि म्हणणार, "बरं, चाललो." म्हणून तो 'मेलिर चाललो'.

चाललो म्हणजे खरंच चालला. आमच्या खोऱ्यातली पोरं लोकर कातरायला शिकतात, इथला हंगाम आटोपला की कातऱ्या पिशवीत घालून न्यूझीलंडला जातात आणि तिकडचा हंगाम उरकून परत येतात. बहुतेक जण दोन-चार वर्षांत दमतात, लग्न करतात, वळणावर येतात. मेलिर बावीस वर्षं गेला. लग्न झाल्यावरही गेला. दिवसाला तीनशे मेंढ्या कातरायचा. मेंढी ओढून बुडावर बसवायची, दोन गुडघ्यांत आवळायची, आणि कातरी चालवताना गुडघ्यानेच वळवत न्यायची. त्याचे गुडघे हातांपेक्षा शहाणे आहेत, असं इडवल म्हणायचा. इडवल सहसा कुणाला चांगलं म्हणत नाही.

चव्वेचाळिसाव्या वर्षी कंबरेने दावा मांडला. सकाळी दहापर्यंत माणूस सरळ उभा राहीना. टेगवेन, त्याची बायको, डॉक्टरांच्या दवाखान्यात खिडकीशी बसते, औषधांच्या चिठ्ठ्या बघते. कंबरेचा फोटो तिने नवऱ्याच्या आधी बघितला होता. ती भांडली नाही. मार्चमध्ये चॅपेलच्या जुन्या कपड्यांच्या विक्रीत तिने त्याची न्यूझीलंडची बॅग देऊन टाकली. मेलिरने विक्रीत ती बॅग ओळखली, दोन पौंडांना परत विकत घेतली आणि गोठ्यात टाकीमागे दडवली. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. टेगवेनला तर विक्रीच्या टेबलावरूनच ठाऊक होतं. पैसे तिनेच घेतले होते.

गोठा म्हणजे त्याच्या बापाचा. बापाच्या मागे गाई गेल्या, दूध गार करायची पोलादी टाकी तेवढी राहिली. एका वर्षी कातरण संपल्यावर मेलिर तिकडे हॉपच्या मळ्यावर राबला होता. बीअरला कडवटपणा येतो तो या हॉपच्या फुलांमुळे. वाळवणीच्या खोलीत फुलांचा ढीग, आणि त्यातून संत्र्याची साल नखाने सोलल्यासारखा वास. मेलिर सांगतो, त्या खोलीत तो तासभर एका जागी उभा होता. त्याच्या तोंडून 'तासभर एका जागी' हे शब्द आम्ही त्या एकाच गोष्टीत ऐकलेत. पुढे त्याने ती फुलं मागवली, दुधाच्या टाकीत बीअर आंबवायला घातली, दोन वर्षं चुकत-माकत फेकून दिली, आणि या वसंतात एक फिकी सोनेरी बीअर केली. नाव ठेवलं 'एथिन', आमच्या डोंगरावर पिवळी फुलं येणाऱ्या काटेरी झुडपाचं.

"काटे काढलेस ना?" एवढंच गाव म्हणालं.

मेन्नाच्या गुत्त्यात बीअर ओढायचे तीन दांडे आहेत. मधला दांडा हिवाळ्यापासून कोरडा होता. एका मोठ्या कंपनीचा माणूस मंगळवारी करारावर सही घ्यायला यायचा होता. गेल्या बुधवारी मेन्नाने मेलिरला बोलावलं.

"उद्या एक पिंप आणून टाक," ती म्हणाली. "शनिवारी दुपारी लावते. इडवल आणि मंडळी पितील. त्यांनी प्यायली तर मधला दांडा तुझा. नाहीतर मंगळवारी सही करून मोकळी होते मी."

"प्यायली म्हणजे किती?"

"दुसरा ग्लास मागितला पाहिजे. पहिला ते फुकटचा म्हणून गटारातला पण पितील."

मेलिरला त्या दांड्याची गरज होती ती गोठ्यासाठी. गावच्या गुत्त्यात जी बीअर नाही ती शेजारच्या गावात कोण ठेवणार? आणि त्याच आठवड्यात न्यूझीलंडहून रांगीचा निरोप आला होता. रांगी तिकडचा मुकादम, बावीस वर्षांची ओळख. ऑगस्टच्या कातरणीला माणूस कमी पडतोय, येतोस का सांग, सोमवारपर्यंत थांबतो. टेगवेनने निरोप वाचला. टेबलावर फोन उघडाच पडला होता.

"या वेळी गेलास तर मी काही बोलणार नाही," ती म्हणाली.

एवढी वर्षं ती बोलत आली होती. न बोलण्याची गोष्ट तिने पहिल्यांदाच काढली, आणि मेलिर त्याने जास्त घाबरला.

गुरुवारी पिंप तळघरात उतरवलं. ही बीअर बाटलीतल्यासारखी मेलेली नसते. पिंपात ती जिवंत असते, अजून आंबत असते, आणि तिचा गाळ पिंपाच्या पोटात खाली बसायला दोन दिवस लागतात. तोवर पिंपाला धक्का लागता कामा नये. मेन्नाने ते लाकडी घोडीवर आडवं ठेवलं, दोन्ही बाजूंना पाचरी मारल्या, तोटी ठोकली.

"आता हात नाही लावायचा," ती म्हणाली.

"मला सांगतेस?" मेलिर म्हणाला. "केली कुणी ही बीअर?"

"म्हणूनच सांगते."

शुक्रवारी मी सकाळी पोरं सोडायला निघालो तेव्हा मेलिरची गाडी एडक्यापुढे उभी होती. मेन्ना शुक्रवारी सामान आणायला तालुक्याला जाते. परत येताना पाहिलं तर गाडी नव्हती. दुपारी पोरं आणायला निघालो, तर परत उभी. किल्ली दारावरच्या कुंडीत असते हे तर मेंढरांनाही माहीत आहे. मला वाटलं, काही सामान राहिलं असेल. खरं तर असं काही मला वाटलं नाही. मी फक्त बस थांबवली नाही.

शनिवारी दुपारी एडक्यात आम्ही सात-आठ जण होतो. खिडकीजवळ इडवल, त्याच्या पायाशी कुत्री. मेलिर आधीच येऊन बसला होता, उठला होता, दारापर्यंत जाऊन आला होता. टेगवेन कामावरून थेट आली होती, अंगावर दवाखान्याचा निळा सदरा. ती बायकांच्या टेबलावर बसली, नवऱ्याच्या नाही.

एडक्यात एक पद्धत आहे. नवं पिंप लावलं की पहिला ग्लास इडवलकडे जातो. त्याच्या आधी त्याच्या बापाकडे जायचा. खिडकीसमोर रस्त्यापलीकडे चॅपेल आहे आणि चॅपेलच्या भिंतीवर घड्याळ. ग्लास खिडकीत धरायचा आणि बीअरमधून घड्याळाकडे बघायचं. काटे दिसले तर बीअर निवळलेली आहे. वेळ मोठ्याने सांगायची आणि मगच घोट घ्यायचा.

मेन्नाने दांडा ओढला. ग्लास भरला, वर पांढरा फेस आला. वास तर बारच्या फळीवरूनच आला. संत्र्याची साल, थोडं पपनस, थोडं ओलं गवत. कुणीतरी मागे म्हणालं, "हे काय, नाताळ आला काय?"

इडवलने ग्लास घेतला, खिडकीत धरला. एक डोळा मिटला.

"किती वाजले, इडवलकाका?" मी विचारलं.

"चॅपेलच न्हाई दिसत," इडवल म्हणाला. "घड्याळाचं काय घेऊन बसलायस."

ग्लासातली बीअर पुराच्या पाण्यासारखी गढूळ होती. इडवलने तो न पिता खाली ठेवला. त्याच्या कुत्रीने मान वर करून वास घेतला आणि परत पायावर ठेवली.

"आजकाल शहरात अशीच पितात," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं. "गढूळ. जास्त पैसे घेतात म्हणे त्याचे."

"शहरात काय पण पितात," इडवल म्हणाला.

मेन्नाने स्वतः एक ग्लास ओढून बघितला. तोही तसाच. तिने मेलिरकडे बघितलं. "अशीच करायची होती का तुला?"

आता इथे मेलिरला वाट होती. हो, अशीच करायची होती, नवी पद्धत आहे, एवढं म्हटलं असतं तर बीअर पडली असती पण त्याची अब्रू राहिली असती. तो उभा राहिला. आम्हाला वाटलं, आता म्हणणार, चाललो. पण तो उभाच राहिला, हात पँटला पुसत.

इडवल त्याच्या पँटकडे बघत होता.

"मेलिर, हिकडं ये जरा."

मेलिर गेला.

"हे गुडघ्याच्या आतनं काय लागलंय तुला? पांढरं?"

मेलिरने खाली बघितलं. दोन्ही गुडघ्यांच्या आतल्या अंगाला चुना होता. एडक्याच्या तळघराच्या भिंतींना मेन्ना दर वर्षी चुना लावते, आणि तो घोडीवर, पिंपांवर झडत राहतो.

"कालची पँट हाय न्हवं ही?"

"हो."

"पिंपाला मेंढीवानी धरलास का रं?"

आधी कुणी हसलं नाही. मग सगळेच हसले, आणि मेलिर कानापर्यंत लाल झाला. त्याने सगळं सांगितलं. सकाळी फक्त बघायला गेला होता. थोडी बीअर काढून बघितली, जवळजवळ निवळली होती. पण पिंप डावीकडे कललेलं वाटलं. कललेल्या पिंपातून गाळ तोटीत येईल अशी धास्ती बसली. म्हणून दोन गुडघ्यांत धरून जरा वळवलं आणि पाचर बदलली. घरी गेल्यावर वाटलं की आता उजवीकडे कललं असेल. म्हणून दुपारी परत गेला.

"दोनदा वळवलंस?" मेन्नाने विचारलं.

"तीनदा. संध्याकाळी तू आल्यावर मागच्या दाराने आलो होतो."

मेन्नाने फळीवरचा फडका उचलला आणि परत ठेवला. "अरे, घोडी सरळ आहे. माझ्या आज्याने पातळी लावून बसवली आहे. तुझी नजर वाकडी आहे, कारण तू कंबरेतून वाकडा उभा राहतोस."

टेगवेन तेव्हा हसली. दिवसभरात पहिल्यांदा.

"आता?" मेलिर म्हणाला.

"आता काय. सोमवारी संध्याकाळपर्यंत त्याला कुणी श्वास पण लागू द्यायचा नाही. तेवढ्यात निवळलं तर निवळलं. मंगळवारी सकाळी तो माणूस येणार आहे, तो काही तुझ्या कंबरेसाठी थांबायचा नाही." कुंडीतली किल्ली तिने स्वतःच्या खिशात टाकली.

रविवारी मेलिर चॅपेलमध्ये दिसला. आई वारल्यापासून तो तिथे आला नव्हता. पाद्रीबाईंना फार बरं वाटलं. त्यांना हे कळलं नाही की दारालगतच्या बाकावरून एडक्याच्या तळघराचं झाकण दिसतं. प्रवचनाच्या मध्येच त्याचा पाय सुरू झाला आणि पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बाईंनी मागे वळून त्याच्या मांडीवर स्तोत्रांचं जाड पुस्तक ठेवलं. पाय थांबला. म्हणून त्याने ते दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि पहिला पाय परत हलवायला लागला.

त्या दुपारी टेगवेन गोठ्यात गेली तेव्हा बॅग टाकीपुढे उघडी पडली होती. आत कातऱ्या, लोकरीचे मोजे, पासपोर्ट. मेलिर टाकी घासत होता. टाकी स्वच्छच होती.

"भरलीस?"

"काढली फक्त. बघायला."

"पिंपासारखी?"

तो टाकी घासत राहिला. हे मला टेगवेननेच नंतर सांगितलं, बसमध्ये, शाळेच्या फाटकाशी. ती म्हणाली, मला वाटलं होतं मी रडेन, पण त्याच्या मोज्यांची जोडीच जुळत नव्हती, एक राखाडी, एक निळा. या माणसाला निघतासुद्धा येत नाही नीट आता, आणि राहता पण येत नाही.

सोमवारी इडवलच्या माळावर कातरण होतं. आमच्याकडे त्या दिवशी शेजारीपाजारी सगळे जमतात, कुणी मेंढरं दावणीला आणतं, कुणी लोकर गुंडाळतं. इडवल सकाळी सातला मेलिरच्या दारात उभा.

"कंबर मोडलीय त्याची," टेगवेन म्हणाली.

"कातरायला न्हाई नेत. लोकर गुंडाळायला. हितं राहिला तर खिडकीतनं उतरंल तळघरात."

दिवसभर मेलिरने लोकर गुंडाळली. कातरणारी पोरं त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, आणि त्यांतल्या एकाचा हात मेंढीच्या मानेवर सारखा अडत होता. मेलिर तीन वेळा उठला. तिन्ही वेळा इडवलने नुसतं बघितलं. चौथ्यांदा मेलिर जागेवरूनच म्हणाला, "अरे, गुडघा पुढे घे. मान आपोआप वळते." पोराने गुडघा पुढे घेतला. मान वळली. मेलिर परत लोकर गुंडाळायला लागला. चेहऱ्यावरून सांगता येईना की त्याला आनंद झालाय की कुणी काहीतरी त्याच्या हातातून काढून घेतलंय.

संध्याकाळी सगळे तसेच, लोकरीच्या तुपकट वासाचे, एडक्यात आलो. जूनमध्ये आमच्याकडे दहापर्यंत उजेड असतो. मेन्ना फळीमागे. टेगवेन या वेळी नवऱ्याच्या टेबलावर बसली. मेलिरने फोन टेबलावर ठेवला होता. पाय चालू होता, आणि फोन पायाच्या तालावर सरकत होता. टेगवेनने त्यावर बोट ठेवलं.

"बघून येऊ का एकदा?" मेलिर म्हणाला. "नुसतं झाकणापर्यंत."

"खाली बस," मेन्ना म्हणाली.

तिने दांडा ओढला. पहिला अर्धा ग्लास तिने ओतून टाकला, नळीतला असतो तो. मग भरला. इडवलने हात कपड्याला पुसले आणि ग्लास खिडकीत धरला. उन्हात तो ग्लास कसा दिसत होता ते मला सांगता येईल, पण मी तेव्हा मेलिरकडे बघत होतो. त्याने डोळे मिटले होते.

"सहा वाजून चोवीस," इडवल म्हणाला. मग थोडं थांबून, "घड्याळ पाच मिनिटं मागं हाय. पाद्रीबाईला सांगा कुणीतरी."

त्याने घोट घेतला. तोंडात फिरवला. गिळला.

"यात लिंबू पिळलायस?"

"नाही, काका. फुलांचाच वास आहे तो."

"संत्री?"

"काही नाही. माल्ट, हॉप, पाणी, यीस्ट."

"पाणी कुठलं?"

"तुमच्याच माळावरून खाली येतं ते."

इडवलने दुसरा घोट घेतला, मोठा. "मला न्हाई आवडली," तो म्हणाला. "बायकांच्या साबणासारखा वास येतो." त्याने तिसरा घेतला. मग ग्लास संपवला, मिशीवरचा फेस पुसला, आणि ग्लास फळीवर मेन्नाच्या दिशेने सारला. "पण दिवसभर लोकर खाल्लीय. घसा धुवायला बरी हाय. भर."

मेन्नाने भरला. बाकीचेही उठले. कातरणारी पोरं तर आधीच रांगेत होती. त्यांतला मान अडणारा पोरगा म्हणाला की त्याने न्यूझीलंडला अशी प्यायली होती, पण ही जास्त कडू आहे आणि त्याला जास्त आवडली.

मेलिर अजून टेबलाशीच. मेन्ना त्याच्यासमोर त्याच्या बीअरचा ग्लास ठेवायला आली.

"मधला दांडा तुझा, सप्टेंबरअखेरपर्यंत," ती म्हणाली. "पुढचं पुढे. आणि तळघरात तू पाय ठेवायचा नाहीस. पिंप दारात सोडायचं, आत मी नेणार."

"सप्टेंबरपर्यंतच?"

"तुला कुणी याहून जास्त कधी विश्वासाने दिलंय? तू ऑगस्टला असशील की नाही हे तुला तरी ठाऊक आहे का?"

मेलिरने टेगवेनकडे बघितलं. तिने फोनवरचं बोट उचललं. न बोलण्याचं वचन ती पाळत होती.

तिकडे सकाळचे साडेपाच वाजले असणार. कातरणारे त्या वेळी चहा पीत असतात. मेलिरने तिथेच, सगळ्यांसमोर, फोन लावला. रांगीचा आवाज एवढा मोठा की टेबलाभोवतीच्या सगळ्यांना ऐकू आला.

"बोल, कधी येतोस?"

"नाही येत."

"गेल्या वर्षीही हेच म्हणाला होतास. चौथ्या दिवशी विमानतळावरून फोन केलास."

"हो."

"मग या वेळी काय वेगळं आहे?"

मेलिरने समोरचा ग्लास खिडकीच्या उजेडात धरला आणि त्यातून पलीकडे बघितलं. शेवटी तो म्हणाला, "माझ्या नावाचं पिंप लागलंय गावात."

"बरं," रांगी म्हणाला. "शुक्रवारपर्यंत तुझी जागा ठेवतो तरी." आणि हसत फोन ठेवला.

मेलिरने आपल्या बीअरचा पहिला घोट तेव्हा घेतला. तोंड वाकडं केलं. म्हणाला की पुढच्या खेपेला हॉप जरा कमी घालायला हवेत. टेगवेन म्हणाली, आधी हा ग्लास तरी संपव. मग तिने त्याच्या ग्लासातला एक घोट घेतला, आणि आणखी एक.

फळीमागे मेन्नाने दांडा ओढला, आणि तळघरातून काहीतरी खडखडल्याचा आवाज आला. नळी असेल, किंवा उंदीर. मेलिर अर्धा उठला. इडवलने ग्लास हातातच धरला.

मेलिर तसाच अर्धा उठलेला, कंबरेवर हात, बराच वेळ. मग खाली बसला.

टेबलाखाली त्याचा पाय सुरू झाला. टेगवेनने त्याचा ग्लास काठापासून आत ओढून घेतला.